सत्तेचाळीस नंबरची डबी

रायना : झाकण खडखडलं बघ. घेवडा उतू जाईल. तेवढ्यासाठी तरी ऊठ, झोर्नित्सा. केव्हाची त्या काट्याकडे बघत बसलीयेस. नर्स आहेस का सोनार?

झोर्नित्सा : झाकण सरकवलं, आजी. आता ऐका. तुमच्या मलमाची डबी मी तीनदा तोलली.

रायना : चौथ्यांदा तोल. काटा गारठला असेल. डिसेंबर आहे.

झोर्नित्सा : मागच्या बुधवारी मी तुम्हाला नवी भरलेली डबी दिली. तुमच्या जखमेला आठवड्याला पंधरा ग्रॅम लागतं. तीस गेलंय. त्याच्या आधीच्या आठवड्यांतही तेवढंच गेलं होतं. तेव्हा मला वाटलं, आजींचा हात सढळ असेल.

रायना : आहेच सढळ. माझ्या सासूलासुद्धा तेच खुपायचं.

झोर्नित्सा : जखम आटत चाललीय आणि मलम दुप्पट लागतंय?

रायना : मांजरीनं सांडलं.

झोर्नित्सा : तुमच्याकडे मांजर नाही.

रायना : गावात काय मांजरं कमी आहेत? येतात, जातात.

झोर्नित्सा : बरं. पाय द्या इकडे. स्टुलावर ठेवा. हा पारदर्शक कागद गार लागेल हं. कडेकडेनं रेघ मारून घेते. हलू नका.

रायना : तुझी पोर म्हणत होती, मागची रेघ नासपतीसारखी दिसते म्हणून. गोड आहे. कुठं गेली ती?

झोर्नित्सा : भिंतीतल्या दारानं पलीकडे पळाली, मिंका आजींकडे. माफ करा, तिला कामावर आणायचं नसतं. बालवाडीत कांजिण्या पसरल्यात आणि सासूबाई बहिणीकडे गेल्यात.

रायना : माफी कसली? आमच्या दोघींच्या घरांत पोराचा आवाज किती वर्षांनी आला. किती भरलं?

झोर्नित्सा : ऑक्टोबरात अंड्याएवढी होती. आता आलुबुखाराच्या बीएवढी. छान भरतेय, आजी. खरंच छान.

रायना : मग? जखम भरली की झालं. काट्याचं काय घेऊन बसलीस?

(भिंतीतलं दार करकरतं. कालिना धावत आत येते.)

कालिना : आई, आई! मी गाढवाला औषध लावलं! मिंका आजीनं मला लावू दिलं! त्याच्या पायाला दोरी घासून बाऊ झाला होता ना, तो आता बरा होतोय. त्यानं लाथ नाही मारली. नुसतं असं फुर्रर केलं.

झोर्नित्सा : औषध? कुठलं औषध, पिल्लू?

कालिना : तुझं. पांढऱ्या डबीतलं. अठ्ठेचाळीस लिहिलंय तिच्यावर, मी वाचलं. चार आणि आठ.

रायना : कालिना, बाळा, त्या बरणीत सुकवलेल्या नासपत्या आहेत. घे हव्या तेवढ्या.

झोर्नित्सा : थांब. डबीतलं सगळं गाढवाला लावतात? मग मिंका आजी स्वतःच्या पायाला काय लावतात?

कालिना : तिची दुसरी आहे ना. जॅमच्या बाटलीत. ती म्हणाली, हे गाढवाचं आणि हे माझं. आजी, मी दोन घेऊ?

रायना : तीन घे. आणि दाराशी बसून खा.

झोर्नित्सा : आजी.

रायना : हं.

झोर्नित्सा : जॅमच्या बाटलीत कुणाचं मलम आहे?

रायना : आता तुला कळलंय, तर विचारतेस कशाला? माझं. सत्तेचाळीस नंबरचं. आता ओरड.

झोर्नित्सा : ओरडत नाही. कधीपासून?

रायना : ऑक्टोबर सरताना येणाऱ्या संत दिमितरच्या सणापासून. त्या दिवशी ती सफरचंदं घेऊन आली आणि त्या दारातच बसली. पुढं पाऊल टाकवेना. मी तिची पट्टी उघडली. माझ्या जखमेला गुलाबी कड आली होती आणि तिची तशीच, ओली. एकाच दिवशी दोघींनी त्या औषधाच्या चाचणीच्या कागदावर सह्या केल्या, एकाच दिवशी तू दोघींना डब्या दिल्यास. मी काय करायचं होतं?

झोर्नित्सा : मला फोन करायचा.

रायना : फोन! अगं, लोकरीच्या गिरणीत आम्ही एकतीस वर्षं एकाच यंत्रापाशी उभ्या राहिलो. दोघींच्या पायांच्या शिरा त्या एकाच यंत्रानं खाल्ल्या. माझी भाकरी तिच्याकडे जाते, तिचं दही माझ्याकडे येतं. त्यासाठीच तर आमच्या आज्यांनी भिंतीत दार ठेवलं, कोमशुलुक म्हणतात त्याला. त्या दाराला आजवर कडी बसवलेली नाही. आणि मलमाला मी कडी लावू?

झोर्नित्सा : आणि त्यांची अठ्ठेचाळीस नंबरची डबी गाढवाला.

रायना : ती शहाणी आहे. म्हणाली, नर्स तोलते, डबी भरलेली दिसली तर पकडेल. रोज मोजून बोटभर काढते आणि गाढवाच्या पायाला फासते. वायाही जात नाही. माझ्या डोक्यात तोलायचं आलंच नाही बघ. देताना कोण तोलतं?

झोर्नित्सा : हसू नका आजी. मलाही हसू येतंय आणि मला हसायचं नाहीये.

रायना : हस गं. गाढव बरं होतंय, मिंका बरी होतेय, मी बरी होतेय. तुझे डॉक्टर खूश होतील.

झोर्नित्सा : सत्तेचाळीसमध्येच नवं औषध आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

रायना : माझ्या पायानं.

झोर्नित्सा : मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. दोनशे बारा माणसं आहेत या चाचणीत. अर्ध्यांच्या डबीत नवं मलम, अर्ध्यांच्या डबीत नेहमीचं, जे आजवर सगळ्यांना देत आलो ते. रंग तोच, वास तोच. कुणाला कुठलं, ती यादी तिकडे राजधानीत, सोफियात, कुलपात आहे.

रायना : म्हणजे लग्न लावणाऱ्या पाद्र्यालाच ठाऊक नाही नवरी कोण?

झोर्नित्सा : मुद्दामच ठेवलंय तसं. मला माहीत असतं तर चांगल्या डबीवाल्यांची रेघ माझ्या हातून नकळत थोडी आत गेली असती. माणूसच आहे मी.

रायना : बरं, मग लिही, मांजरीनं सांडलं. आमच्या दोन पायांनी दोनशे बारांत काय बिघडतंय?

झोर्नित्सा : आजी, समजा, तुमच्या डबीत नवं औषध आहे आणि ते खरंच गुणकारी आहे. कागदावर काय दिसेल? मिंका आजींच्या नावापुढं नेहमीचं मलम, तरी जखम भरली. तुमच्यापुढं नवं, जखम भरली. दोघी सारख्याच. वाचणारा म्हणेल, नव्यात काही दम नाही, टाकून द्या.

रायना : असं?

झोर्नित्सा : आणि तुमच्यासारख्या सढळ हाताच्या बायका आमच्या डोंगरात दर गावी आहेत.

रायना : थांब. म्हणजे मी चार भांड्यांत सारखंच मीठ टाकलं आणि तू विचारत्येस, खारट कुठलं.

झोर्नित्सा : अगदी तसंच.

रायना : म्हणजे जे औषध तिला उठवतंय, त्यालाच मी खोटं पाडतेय.

झोर्नित्सा : असेल. नसेलही. गाढवही बरं होतंय, हे विसरू नका.

रायना : मेलं गाढव.

झोर्नित्सा : माझी आई सांध्यांसाठी एक गोळी घ्यायची. सहा वर्षं. पोट जळायचं, तरी घ्यायची, आणि वर कोरडा पाव खायची. पुढं कळलं, गोळीचा उपयोगच नव्हता. कुणीतरी कुठंतरी आकडे जरा गोड करून लिहिले होते. त्यालाही वाटलं असेल, दोन-चार पायांनी काय बिघडतंय. म्हणून मला हे लिहावं लागेल, आजी. जसं झालं तसं.

रायना : मग आम्हाला काढून टाकतील.

झोर्नित्सा : नाही. कुणालाही काढत नाहीत. ज्या डबीची चिठ्ठी ज्याच्या नावानं निघाली, त्याच रांगेत नाव शेवटपर्यंत राहतं. मी फक्त खरं लिहायचं. आणि मी दर बुधवारी येणार, ईस्टरपर्यंत.

रायना : मला माझं काही नाही. मिंका कुठल्या डबीतलं लावेल?

झोर्नित्सा : आजपासून त्यांच्याच. अठ्ठेचाळीस.

रायना : डॉक्टरनं तिला नाताळपर्यंतची मुदत दिलीय. तोवर कड धरली नाही तर भरती करून मांडीची कातडी काढून लावणार. तिचा नवरा कोल्यो त्याच दवाखान्यात गेला होता. साध्या हर्नियासाठी, आपल्या पायांनी. आला तो पेटीत. ती जाणार नाही, झोर्नित्सा. दार लावून घरात बसेल आणि पाय काळा पडू देईल. मी ओळखते तिला.

झोर्नित्सा : जखम बिघडायला लागली तर डॉक्टर त्यांच्या नंबरचं सीलबंद पाकीट उघडून डबीत कुठलं मलम आहे ते बघू शकतात, औषध बदलू शकतात. मी या आठवड्यात दोनदा येईन त्यांच्याकडे. तीनदा येईन.

रायना : नाताळ कधी आहे?

झोर्नित्सा : पंधरा दिवसांवर.

रायना : तू हे न लिहिता निघून गेलीस तर कुणाला कळेल?

झोर्नित्सा : कुणाला नाही.

रायना : हं.

झोर्नित्सा : माझ्याकडे असं बघू नका.

रायना : बघत नाहीये. विचार करतेय. गिरणीत सूत तुटलं की फोरमनला कळू न देता आम्ही गाठ मारून पुढं चालवायचो, कापडावर दिसायची नाही. मिंका मात्र गाठीपाशी खडूनं खूण करायची. दर वेळी. आम्ही तिला शिव्या घालायचो, बोनस जायचा सगळ्यांचा. म्हणायची, कुणीतरी या कापडाचा कोट शिवणार आहे.

झोर्नित्सा : मग त्यांना विचारूया?

रायना : तिला काय विचारायचं? ती हो म्हणेल. तिथंच तर दुखतंय. लिही. दिमितरच्या सणापासून, सकाळ-संध्याकाळ, चमच्याच्या टोकाएवढं. मधे संत निकोलाच्या दिवशी दिलं नाही, तिची भाची आली होती. हेही लिही. अर्धवट खरं नको.

झोर्नित्सा : लिहिते.

रायना : माझी शाल दे. जॅमची बाटली मीच आणते. तू सांगितलंस तर ती तुझ्यापुढं हसेल, आणि तू गेल्यावर रडेल. माझ्यापुढं आधीच रडेल, तेवढंच बरं. घेवड्याकडे बघ, पुदिना शेवटी टाक. आणि जेवल्याशिवाय जायचं नाही दोघींनी.

कालिना : आजी कुठं गेली?

झोर्नित्सा : मिंका आजींकडे.

कालिना : रागावली?

झोर्नित्सा : नाही गं. ये, बस इथं. हात चिकट झालेत का? कागदाला लावू नकोस.

कालिना : तू काय लिहितेयस?

झोर्नित्सा : रायना आजींनी आपलं मलम मिंका आजींना दिलं, ते.

कालिना : ते वाईट केलं का तिनं?

झोर्नित्सा : नाही. चांगलंच केलं.

कालिना : मग तू चांगली गोष्ट लिहितेयस?

झोर्नित्सा : खरी गोष्ट लिहितेय. म्हणजे पुढं ज्यांचे पाय असे दुखतील, त्यांना कुठलं औषध द्यायचं ते नीट कळेल.

कालिना : ते लोक कुठं आहेत?

झोर्नित्सा : अजून माहीत नाहीत. लांब असतील. काहींचे पाय अजून दुखायलाही लागले नसतील.

कालिना : आणि मिंका आजीला आता हे मलम नाही मिळणार?

झोर्नित्सा : तिचं तिला मिळेल. तिच्या डबीतलं.

कालिना : गाढवाचं?

झोर्नित्सा : ते आधीपासून तिचंच होतं, पिल्लू.

कालिना : आई.

झोर्नित्सा : हं.

कालिना : तो दुखरा पाय माझा असता, आणि रायना आजीनं भिंतीतून मला मलम दिलं असतं, तरी तू लिहिलं असतंस?