पोपट माशांची रांग

माझं माहेर आचऱ्याचं. बाबा खडपातले मासे धरायचे, खडप म्हणजे समुद्रातले खडक, आणि घरात येईल तो मासा आई शिजवायची, रंग बघून मासा टाकायचा हे आम्हाला माहीतच नव्हतं. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हा मी लग्न होऊन मालवणात आले. सासूबाई बाजारात मासे विकायला बसायच्या, आणि जागा अशी की येणारं माणूस आधी त्यांच्याच पाटीशी थांबणार. मला म्हणाल्या, गो, दिवाळीपर्यंत बघतंय, गिऱ्हाईक सांभाळलंस तर माझ्या बाजूक बसशीत, नायतर घराकडे चूल आसाच.

मला तर बाजारच हवा होता हो! चुलीपाशी बोलायला कोण असतं?

तर काय सांगू तुम्हाला, एकदा आमच्या ह्यांनी किल्ल्यामागच्या खडपात जाळं लावलं आणि पाटीभर पोपट मासे आणले. तोंड अगदी राघूच्या चोचीसारखं, म्हणून पोपट. काही तपकिरी, काही हिरवेगार, निळ्या झाकेचे. सासूबाईंची रीत अशी की तपकिरींचे वाटे लावायचे आणि हिरवे मांजरांना. मी म्हटलं, आई, ह्यो एकच मासो. तर म्हणाल्या, तुझ्या आचऱ्याक आसात एक, हंय हिरवो कोण घेणा नाय, पोटात दुखता.

त्या पाणी प्यायला उठल्या नि मी वाटे मोडले. केळीच्या पानावर रांगच लावली, पहिला छोटा तपकिरी, मग शेपटीला जरा हिरवं लागलेला, मग अर्धा असा अर्धा तसा, शेवटी थोरला हिरवा. एक बाई आली, पदर नाकाला, शी, ह्ये विषारी म्हणाली. मी म्हटलं, ताई, तपकिरी खातास मा? मग विष खंय सुरू होता तां बोट लावून दाखवा. बाईनं बोट पुढं नेलं, मागं आणलं, परत पुढं. जमेना! गर्दी झाली, आणि मागं सासूबाई उभ्या, कमरेवर हात. पण माझी जीभ मेली थांबते कुठे, म्हटलं, ही बघा आमची आई, केस अर्धे काळे अर्धे पांढरे, उद्या सगळे पांढरे झाले म्हणून मामंजी काय दुसरी बायल समजतले?

सगळा बाजार हसला. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. मी मनात म्हटलं, गेली जागा, आता चूल.

त्यांनी थोरला हिरवा उचलला, ओठ वर करून दात बघितले. मग तपकिरी उचलला, त्याचेही बघितले, अगदी तसेच. बाईला म्हणाल्या, ह्यो आज माझ्या घराक शिजतलो, उद्या येवा, मी जिवंत दिसलंय तर घेवा. आणि गोणपाटावर सरकून बाजूला हात आपटला, बस गो, तोंडाळ!

दुसऱ्या दिवशी बाई आली, आधी सासूबाईंना निरखून बघितलं, मग हिरवाच नेला.

आता माझे केस सगळे पांढरे. जागा तीच, बाजूला माझी सून. मेली कालच गिऱ्हाइकाला माझं डोकं दाखवत होती, बघा म्हणे आमचो थोरलो पोपट. मी मुद्दाम हसले नाही. गोणपाट जरा तिच्याकडे सरकवलं. बरं होऊ दे तिचं.