यादीतले तिसरे काम

आम्हांला हट्टी म्हणता, तर हे ऐका आणि मग चहा घ्या. आमची देवासची लूथरपंथी मंडळी पुढे कोणती कामे आधी करायची, हे ठरवायला उपासनेनंतर बसली होती. पाद्रीसाहेबांनी यादी वाचली: पहिली शाळा, दुसरी विहीर, आणि तिसरे काम, उपासनेतले टाळ-वीणा बंद.

माझ्या गळ्यात अजून वीणा होती. मी म्हणालो, "साहेब, या गावात दोन राजे नांदतात. प्रभूच्या घरात तुमची पेटी आणि आमची वीणा नांदणार नाहीत?"

"आप्पा, वाद नको. ती खाली ठेवा."

"वीणा जमिनीला टेकवत नाहीत. कोणी घेतली, तरच सोडतात. आपण घ्या."

साहेबांनी वाद मिटावा म्हणून ती गळ्यात घेतली. त्याच क्षणी आमच्या भजनातल्या सोनूबाईंनी ख्रिस्ताचा अभंग उचलला आणि टाळ वाजू लागले. साहेब भले गृहस्थ. वीणा टेकवणे त्यांना जमेना. एक अभंग संपला की बाई दुसरा धरीत.

"आता ही कोणाला देऊ?" साहेबांनी विचारले.

"सगळ्यांच्या हातांत टाळ आहेत, साहेब," सोनूबाई म्हणाल्या. "तुम्ही बंद करायला निघालात, म्हणून आज कोणी खाली ठेवणार नाही."

चौथ्या अभंगाला साहेबांनी यादी मागवली आणि तिसऱ्या ओळीवर स्वतःच्या हाताने काट मारली. तेव्हा कुठे मी वीणेसाठी हात पुढे केले.