खडीला चालेल अशी आरामशीर गाडी

...नाही, पण आरामशीर म्हणजे नेमके काय, हे मला कोणीतरी एकदा समजावून सांगावे! हसू नका, मी गंभीरपणे विचारतो आहे. कारण तुम्हाला सांगतो, सात महिने, पूर्ण सात महिने मी सांगलीपासून साताऱ्यापर्यंत हिंडलो, ज्याच्या दारात मोटारसायकल दिसली त्याला नमस्कार केला, वही काढली, विचारले, आणि प्रत्येकाचे उत्तर एकच, "लय आरामशीर हाय!" अहो, पण कोणाला? किती मैल? कोणत्या रस्त्यावर? एवढे विचारले की माणूस किक मारून निघून जायचा! म्हणजे किक चांगली आहे, एवढी एकच नोंद माझ्या वहीत व्हायची. मी आपला सावध माणूस!

साताऱ्याला एक निवृत्त सुभेदार भेटले, त्यांची गाडी साडेतीनशे सी.सी.ची. म्हणाले, "हीच घे गड्या. हत्ती हाय हत्ती!" मी म्हणालो, माझी उंची पाच फूट चार इंच, वजन एकशे आठ पौंड, हत्ती आडवा झाला तर उचलायचा कोणी? तर म्हणतात, "त्यात काय? चार माणसांस्नी हाळी घालायची." आटपाडीच्या माळावर चार माणसे! तिथे चार बाभळी एका जागी दिसत नाहीत! मग कऱ्हाडला एक दूधवाला भेटला, त्याची पावणेदोनशेची. तो म्हणाला, "मागं दुधाचं दोन कॅन असलं की खडीवर कशी दाबून चालती, मोकळी असली की मागलं चाक नाचतंय." आता हा मात्र शास्त्रीय मुद्दा. मागे भार पाहिजे. मी नोंद केली. पण मी दूध घालत नाही, हीही नोंद केली.

आता मला गाडी हवीच कशाला? सांगतो. मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. दुष्काळानंतर विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायचे काम निघाले, त्यात मला हंगामी नेमणूक मिळाली. आटपाडी, खानापूर, जत मिळून एक्केचाळीस विहिरी, प्रत्येकीत महिन्यातून एकदा फीत सोडायची, आकडा लिहायचा. सोपे. पण त्या विहिरींना जोडणारा रस्ता म्हणजे काय, तर दुष्काळात आख्ख्या तालुक्याने उन्हात बसून फोडलेली खडी! ती पसरली, दाबायला रूळ काही आला नाही, आणि डांबर अजून सरकारी कागदावरच वाळते आहे. त्या खडीवर मी एकदा मित्राची गाडी घेऊन गेलो आणि खरसुंडीच्या बाजारापुढे, भर बाजाराच्या दिवशी, हनुवटीवर आलो. कोणी उचलले नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "पावणं, खडी चाकाखाली घालायची अस्ती, हनुवटीखाली न्हाई!"

तेव्हापासून खडी दिसली की माझे गुडघे आपोआप एकमेकांना भेटतात. आणि साहेबांनी तर शुक्रवारी सुनावले, "एस.टी.ने महिन्यात नऊ विहिरी होतात तुमच्या. सोमवारी गाडीसकट हजर व्हा, नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार बोलावतो. तो सायकलवर यायला तयार आहे." घरी आष्ट्याला वडिलांना फोनवर कळवले, तर वडील म्हणाले, "दगडात एम.एस्सी. केलंस न्हवं? ये मग घरला. रानात दगडं लय हायती, येचायला!" म्हणजे पाहा, सोमवारपर्यंत गाडी मिळाली नाही तर जन्मभर वडिलांच्या उसाला पाणी पाजणे आणि तेही वडिलांच्या देखरेखीखाली! आणि तो दिवस शनिवार.

आटपाडीला गुंडा फिटर आहे, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, एका वाडीत हरणाबाई म्हणून बाई आहे, तिच्याकडे अडीचशेची जावा आहे. "पाच गिऱ्हाईकं बघून गेली. कुणी नेली न्हाई."

"का?"

"गाडी चांगली हाय."

"मग नेली का नाही?"

तो हातातला पाना पुसत राहिला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाडी लय चांगली हाय."

आता सावध माणसाने इथेच थांबायला नको होते का? हवे होते! पण सोमवार! गेलो. चैत्रातली भर दुपार, बाराचा सुमार, सगळा माळ भट्टीसारखा, पाखरू ओरडत नाही, वारा नाही, आणि त्या एकट्या घरापुढे लिंबाच्या सावलीत ती गाडी उभी... तांबडी, पुसून लख्ख केलेली, टाकीत तोंड दिसेल अशी. पलीकडे दगडी कट्ट्यावर एक गृहस्थ बसलेले. खाकी पँट, मिशा, आणि त्या उन्हाळ्यात अंगावर घोंगडे. हरणाबाई दारात लोकर पिंजत होत्या. मी विचारले, "मालक आहेत का?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "हायती की. हितंच."

मी कट्ट्याकडे नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. घाम नव्हता हो त्यांच्या कपाळावर! एक थेंब नाही! मी नोंद घेतली, पण कोणत्या रकान्यात लिहावे ते कळले नाही.

मग मी रीतसर तपासणी केली. किकचा आणि गियरचा दांडा एकच, गियर बदलताना क्लच दाबायचेही कारण नाही, आसनावरून माझे पाय जमिनीला पुरतात, चाकांची नक्षी शाबूत. मागच्या मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत पट्टी लावली, बावीस इंच. गाडी मोकळी असताना बावीस, हे लक्षात ठेवा! मग म्हटले, एक फेरी मारून येतो, हरणाबाई म्हणाल्या, "या मारून." आणि इथे, तुम्हाला सांगतो, इथे माझ्या हातून ती चूक झाली...

आता तुम्ही सगळे आपल्याच भागातले. जेवताना कोणी दारात आले की आपण म्हणतो, "या जेवायला," आणि आलेला म्हणतो, "हूं द्या, हूं द्या." कुठे निघालो आणि कोणी बसलेले दिसले की आपण म्हणतो, "येताय का?" आणि बसलेला म्हणतो, "व्हा पुढं." ही रीत आहे! आजवर या मुलखात "येताय का" म्हटल्यावर कोणी आलेले आहे का? पण मला लहानपणापासून वळण, मी किक मारली आणि कट्ट्याकडे बघून तोंडातून गेले, "येताय का?"

त्यांनी "व्हा पुढं" म्हटले नाही.

ते उठले.

मी मागे पाहिले नाही, कारण पुढे खडी होती. पण गाडी मागून हलकेच दबली, आसन करकरले, आणि माझ्या उजव्या खांद्यावर हात पडला. रांजणाला हात लावावा तसा गार! भर उन्हात... खोटे कशाला बोलू, बरे वाटले. आता हे आरामात धरायचे की नाही? आम्ही निघालो. मी आपला सौजन्याने बोलतो आहे, "आपण सैन्यात होतात का? किती वर्षे? सरासरी पेट्रोल किती लागते?" त्यावर फक्त, वळण आले की खांद्यावर एक थाप, उजवीकडे असेल तर उजव्या, डावीकडे असेल तर डाव्या. आणि खडी? अहो, सात मैल खडी, आणि ते मागचे चाक एकदा नाचले नाही! माझे गुडघे सुटे, हनुवटी शाबूत! मला वाटले, मिळाली. सात महिन्यांनी गाडी मिळाली!

ओढ्यापलीकडे एक वस्ती आहे, तिथे आप्पासो म्हणून म्हातारे धनगर अंगणातच उभे. आवाज ऐकूनच बाहेर आले असावेत. मी थांबलो. ते माझ्याकडे बघेनात, माझ्या खांद्यावरून मागे बघत, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "हवालदार, लय दिसानं?"

मी वळलो. मागे कोणी नाही.

म्हटले, उतरले असतील, आडोशाला गेले असतील. पण आडोसा कुठे होता? चहूकडे मैलभर उघडा माळ! तेवढ्यात आप्पासोंच्या सुनेने चहा आणला. दोन कप. एक माझ्या हातात दिला, दुसरा जपून मागच्या आसनावर ठेवला आणि पदर सावरून बाजूला उभी राहिली. मी विचारले, "हा कोणाला?" तर म्हातारा माझ्यावरच रागावला, "आवं, तुमी शिकल्यालं माणूस, मागं बसल्याल्याला सोडून एकल्यानं च्या पिता व्हय?"

आता, पातळी मोजणे हा माझा व्यवसाय. मला दुसरे काही येत नाही, पण द्रवाची पातळी घटली तर ते मला पाव इंचापर्यंत कळते. त्या कपातला चहा, तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांदेखत एक-एक घोट खाली गेला. बाष्पीभवन? इतक्या वेगाने? आणि बाष्पीभवन मध्येच थांबून फुंकर मारते का हो? सायीला घडी पडली, मी बघितली! पण मी आपला सावध माणूस, मी पट्टी काढली आणि मागच्या मडगार्डखाली लावली. साडेवीस. माझे पाय जमिनीवर होते, गाडीवर कोणी नव्हते आणि गाडी दीड इंच दबलेली होती.

परत सात मैल यायचे होते. दुसरा रस्ता नाही, दुसरे वाहन नाही. मी बसलो. हात पुन्हा खांद्यावर आला. मी या वेळी पेट्रोलच्या सरासरीबद्दल काही विचारले नाही.

हरणाबाई तशाच लोकर पिंजत होत्या. कट्टा रिकामा. त्या कट्ट्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी ईचारलासा व्हय त्येंस्नी, येताय का म्हणून?"

मी म्हणालो, "रीत म्हणून विचारले, बाई! केवळ रीत म्हणून!"

"आदुगर पाच जण आलं. एकानंबी ईचारलं न्हाई, नुसतं टायर दाबून बघितलं." त्यांनी पिंजलेल्या लोकरीचा ढीग एकीकडे सारला. "नाथाजी हवालदार. पलटणीत फटफटीवरनं टपाल न्यायचं, आनि घरला आल्यावर वाडीवाडीला मेंढरांची औषिधं. दिवाळीच्या तोंडावर गेलं. तवापास्नं कट्ट्यावर बसून व्हतं, कुणीतरी चला म्हणंल म्हणून. बिगर बोलावता जायाचा स्वभाव न्हाई त्येंचा."

"मग आता त्यांना उतरवायचे कसे?"

बाई पहिल्यांदा हसल्या. "पावण्याला उतर म्हंत्यात व्हय आपल्याकडं?"

पाहा, म्हणजे दोष त्यांचाही नाही. बोलावले मी, आता घालवायचे कोणत्या तोंडाने? मी तिथेच लिंबाखाली बसलो, वही उघडली, एका बाजूला गाडीचे गुण लिहिले आणि दुसऱ्या बाजूला तो गार हात. गुण: खडीवर स्थिर. मागे भार असल्यामुळे चाक नाचत नाही. त्या भाराला भाडे नाही, जेवण नाही, पाणी नाही, अर्धा कप चहा फक्त. रस्ते पाठ. दुसऱ्या बाजूला मी लिहिले, 'भीती वाटते', आणि मग प्रामाणिकपणे पुढे लिहिले, 'वडिलांचीही वाटते'. बाईंनी एकच अट घातली, की गाडी वाड्यांवरून फिरली पाहिजे, शहरात नेऊन झाकून ठेवायची नाही. मी म्हणालो, एक्केचाळीस विहिरी आहेत. त्यांनी आत जाऊन घोंगडे आणले, घडी घालून मागच्या आसनावर ठेवले आणि कट्ट्यावर स्वतः बसल्या, पाय पसरून, बऱ्याच दिवसांनी जागा मोकळी झाल्यासारख्या.

सोमवारी मी गाडीसकट हजर. साहेब खूश. पहिल्याच महिन्यात एक्केचाळीसच्या एक्केचाळीस विहिरी, शिवाय एक बेचाळिसावी, जी नकाशावर नव्हती. थाप पडली तिकडे वळलो, तर करवंदीच्या जाळीत चिरेबंदी विहीर, काळे पाणी, आणि फीत सोडली तेव्हा, तुम्हाला सांगतो, खालून कोणीतरी ती जराशी ओढून सरळ धरली. आकडा बिनचूक आला. मी सही केली आणि आलो. नोकरी कायम झाली, वडिलांनी गावात पेढे वाटले, माझ्या गुडघ्यांचे एकमेकांना भेटणे मात्र काही पुरते गेले नाही.

आणि मग तो जतकडचा उतार आला. निसरडी खडी, एका अंगाला घळ, मी ब्रेक दाबून मध्येच उभा, ना पुढे ना मागे. आणि दोन्ही खांद्यांवर एकदम थाप पडली. दोन्ही! याचा अर्थ काय, मला सांगा? उजवीकडे? डावीकडे? दोनदा पडली. तिसऱ्यांदा जरा जोरात. आणि मग मला अर्थ कळला, 'सरका मागे!', आणि... मी निमूट मागच्या आसनावर सरकलो. डोळे मिटले. दांडा आपोआप खाली गेला, माझा पाय तिथवर पोहोचतसुद्धा नाही, गियर पडला, आणि गाडी त्या घळीच्या कडेने लोण्यातून सुरी जावी तशी उतरली. मी पुढच्या पाठीवरच्या घोंगड्यात तोंड खुपसून होतो. त्याला मेंढरांच्या औषधाचा वास येतो.

आता तसेच चालले आहे. मी मागे, मांडीवर वही. रस्त्यात लोक बघतात, काही बैलगाड्या उगीच फार लांबून वळतात, पण कोणी काही विचारत नाही. आपल्या भागात माणसे समजूतदार. परवा मात्र साहेबांनी बोलावले, म्हणाले, "आमच्या मेहुण्याला अशीच अडीचशेची घ्यायची आहे. तुम्ही इतके चौकस, तुमचा अभिप्राय महत्त्वाचा. गाडी चालवायला कशी आहे?"

मी खोटे बोलत नाही. म्हणालो, साहेब, बसायला फार आरामशीर आहे. चालवायला कशी आहे, ते... विचारून सांगतो.