झुंबरबाईंना वाकवलं कुणी?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय काकासाहेब, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आपलं जालना सोडून पुण्याला निघालेले सत्कारमूर्ती डॉक्टर मार्तंड, आणि शहागड, आष्टी, तीर्थपुरीहून मुद्दाम आलेल्या माता-भगिनींनो,

डॉक्टरांच्या रुग्णांचे एक्स-रे गेली चार वर्षं मी काढते आणि वाचते, म्हणून बोलायचा मान मला दिलात. आभारी आहे. डॉक्टरांचा हात चांगला, यात वाद नाही.

पण ही निमंत्रणपत्रिका! 'एकच सिमेंट, प्रत्येक पाठ ताठ.' वाचून मला शिसारी आली. प्रत्येक? मणका ताजा मोडलेला असेल, औरंगाबादहून आलेल्या एमआरआयमध्ये आतली सूज दिसत असेल, तर सुईनं मणक्यात हाडांचं सिमेंट भरल्यावर बाई दुसऱ्या दिवशी चालायला लागते. तोच मणका केव्हाचा दबून जुळून गेला असेल, तर सिमेंट भरून काय साधणार? दुखणं भलतीकडूनच येत असतं. आणि मणक्याची मागची भिंत फुटलेली असली तर सिमेंट झिरपून मज्जारज्जूवर जाण्याची भीती. हे डॉक्टरांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. पत्रिका त्यांनी वाचली नसावी, असं मी सौजन्यानं धरून चालते.

शहागडच्या झुंबरबाईंचा मणका ताजा मोडला होता, भिंत शाबूत होती. बराबर गुण आला. म्हणून तर त्यांना बोलावलं. असो, मंचाची सजावट सुरेख झाली आहे, समितीचं कौतुक. सकाळी याच मंचावर तालीम झाली. बऱ्या झालेल्या बायांनी डॉक्टरांच्या पाया पडायचं, म्हणजे पाठ किती वाकते ते सभेला दिसेल. झुंबरबाई फोटोग्राफरला म्हणाल्या, "बापू, वाकू नको म्हणून डाक्टरनंच सांगितलंय. हाडं ठिसूळ हायती म्हणे." तो म्हणाला, "आजी, जल्दी करा, अजून खाली." डॉक्टर पाय पुढे करून उभे होते. झुंबरबाई वाकल्या.

दुपारी झुंबरबाईंना माझ्याकडे आणलं. सिमेंट भरलेला मणका जागच्या जागी आहे. त्याच्या वरचा दबलाय, आजचाच. खालचा सिमेंटनं कडक, वरचा भुसभुशीत, कमरेतून वाकल्यावर भार जाणार कुठं? त्या कण्हत मला सांगत होत्या, "बाई, म्या न्हाईच म्हणत व्हते. पर एवढी मान्सं वाट बघून राह्यली, मंग बरं दिसतं का?" मला किळस आली. डॉक्टरांची आली, आणि टाळ्या वाजवायला जमलेल्या आपल्या सगळ्यांचीही.

यापुढे कार्यक्रमात तीर्थपुरीच्या तुळजाबाईंचं नाव आहे, सिमेंट त्यांच्याही मणक्यात आहे. नवं लुगडं नेसून त्या पडद्यामागे बसल्या आहेत. सूत्रसंचालकांना विनंती, त्यांना पाया पडायला बोलावू नका. पाया पडण्याचा कार्यक्रम व्हायचाच असेल तर डॉक्टर, तुमचे मणके अजून तरुण आहेत.

ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. माझ्या बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. झुंबरबाईंकडे मात्र आपल्यापैकी कुणाच्या वतीनं माफी मागायला मी जाणार नाही.