लॅन म्हणजे लहान

सासरे : गेला का तो?

सून : कोण, बाबा?

सासरे : तुझं गिऱ्हाईक. तोंडातला टॉवेल काढला तर चालेल ना?

सून : अगंबाई! फोन केव्हाच संपला. मला वाटलं, तुमचा डोळा लागलाय.

सासरे : तोंडात बोळा कोंबून कुणाचा डोळा लागतो गं? खोकला वर येतो, मी खाली ढकलतो. दिवसभर आमची अशी कुस्ती.

सून : मी तरी काय करू? ऑफिसातल्या आमच्या बाईंनी शेवटचं बजावलंय. फोनवर पुन्हा दुसऱ्या कुणाचा आवाज आला, तर घरून काम बंद. आणि तुम्हाला एकटं टाकून मी ऑफिसात कशी जाणार? म्हणजे नोकरीच गेली. मग ही खोली, हा पलंग आणि आपण दोघं.

सासरे : आत्ता तरी दुसरं काय आहे?

सून : आत्ता निदान कानात चार परकी माणसं भांडतात, बाबा. तेवढीच माझी खिडकी.

वायरवाला : ताई, येऊ का? दार उघडंच होतं. तुम्हीच बोलावलं ना, नेटच्या वायरीसाठी?

सून : या, या. हा बघा डबा. वायर इतकी तोकडी आहे, की पलंगाच्या पायथ्यापासून हातभर खुर्ची सरकवली तर निघून येते.

वायरवाला : अरे, हा बिनशिंगाचा! अजून चालतो?

सासरे : चालतोय कसला, बसलाय. ह्या घरात सगळे बसलेलेच आहेत.

वायरवाला : शिंगांचा वायफाय घ्या ना, ताई. घरभर नेट. स्वयंपाकघरात बसा नाही तर गॅलरीत.

सून : आमच्या कंपनीला वायरच लागते. हवेतलं नेट त्यांना चालत नाही. मला फक्त वायर लांबवून द्या, त्या आतल्या खोलीपर्यंत. तिला दार आहे.

वायरवाला : मग पहिल्यांदाच नको का म्हटलं?

सून : ती गंमतच आहे! ह्यांनी दुकानात मागितली 'लॅन केबल', आणि दुकानदाराने ऐकलं 'लहान केबल'. दिली की बोटभर कापून! मी घरी आल्यावर ह्यांनी सांगितलं, तर हसून हसून आमची पुरेवाट. सगळ्या नात्यागोत्यात सांगून झालंय माझं. हो ना, बाबा?

वायरवाला : दुकानदार कुठला, ताई? ही वायर मीच टाकली.

सून : तुम्ही?

वायरवाला : तुम्ही माहेरी होता तेव्हा. बाबा नुकतेच अंथरुणाला खिळले होते. आणि अख्खं भेंडोळं होतं की माझ्या खांद्यावर. आतल्या खोलीत नेऊ का, म्हणून दोनदा विचारलं. साहेब म्हणाले, 'नको, लहानच ठेव. पलंगापाशी संपू दे.' बाबा होतेच की इथे.

सासरे : तुमची पक्कड पडली बघा.

वायरवाला : हातातच आहे.

सून : बाबा?

सासरे : पाय गेलेत माझे, पोरी. कान शाबूत आहेत.

सून : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. आणि तरी त्या गोष्टीवर हसायचात?

सासरे : हसायचो. सगळ्यांत मोठ्याने.

वायरवाला : मी... बाहेर थांबू का?

सून : थांबा इथेच. काय लपवायचं राहिलंय आता? बाबा, मला नुसतं सांगितलं असतं, तरी मी बसले असते की तुमच्याजवळ!

सासरे : बसली असतीस. पण ज्याला विचारतात, त्याला एखाद्या दिवशी 'नाही'सुद्धा म्हणता येतं. त्याला तेवढीही फट ठेवायची नव्हती. तो परगावी, मी असा. त्याने तुला माझ्या उशाशी बांधलं, आणि गाठ दिसू नये म्हणून वर विनोद पांघरला.

सून : मी आत्ताच्या आत्ता फोन लावते त्यांना.

सासरे : आत्ता नको.

सून : का? मुलाची बाजू घेताय?

सासरे : तो तुला समजावेल. फार गोड समजावतो. तू समजूनही घेशील, आणि वायर राहील तिथेच. आधी वायर, मग फोन. अहो, सोडा ते भेंडोळं.

वायरवाला : सोडतो. चौकटीला भोक पाडून नेतो, म्हणजे दार नीट लागेल.

सून : पण बाबा, तुम्हाला पाणी लागलं तर? कूस बदलायची झाली तर?

सासरे : मधल्या सुट्टीत येशील ना डोकावायला?

सून : येईन. पण दार लावल्यावर तुमची हाक नाही ऐकू येणार.

सासरे : खोकलाही नाही येणार. गिळून गिळून पोट भरलंय माझं. आता मोकळ्याने खोकू दे गं म्हाताऱ्याला. ऊठ. ती खुर्ची घेऊन जा आत. रिकामी खुर्ची नको माझ्यासमोर.

वायरवाला : ताई, लावा टोक! दिवा लागला?

सून : लागला! हिरवा लागला!

वायरवाला : आता दार ओढून बघा, अडकतंय का.

सून : बाबा, लावू?

सासरे : लाव. कडीसकट लाव.

(दार लागतं.)

वायरवाला : वा! घट्ट बसलं. खोका बाबा आता, हवं तेवढं.

सासरे : आता येत नाहीये.

वायरवाला : काय तुम्ही पण!

सासरे : बसता का जरा? पलंगावरच बसा.

वायरवाला : बसलो असतो, पण पुढच्या गल्लीत खांबावर चढायचंय. लोक खोळंबलेत.

सासरे : हो, हो. जा तुम्ही. जाता जाता त्या दाराला कान लावून सांगा, काही ऐकू येतंय का?

वायरवाला : थांबा... बोलतेय कुणाशी तरी. हसली बघा आत्ता.

सासरे : बरं. मग बाहेरचं दार हळू ओढून घ्या. आवाज नको व्हायला.