दोराचं दुसरं टोक

(अमेरिकेतल्या मेन राज्याचा किनारा. ऑब्रीच्या धक्क्यावरची शेड. ऑब्री आणि त्याचा धाकटा भाऊ लीलंड उद्याच्या फेरीसाठी, शेवंडीच्या पिंजऱ्यांत लावायचं आमिष म्हणून, खारवलेले हेरिंग मासे जाळीच्या पिशव्यांत भरतायत. ऑब्रीची बायको मेव्हिस पिशव्यांची तोंडं बांधतेय.)

ऑब्री: या घाणीतसुद्धा तुझ्या अंगाला दवाखान्याचा वास येतोय. किती दिवस झाले येतोय. काय झालंय तुला?

लीलंड: काही झालेलं नाही.

ऑब्री: आपला बापही हेच म्हणायचा, शेवटच्या दुखण्यात. मेव्हिस, तू विचार याला.

मेव्हिस: मी कशाला विचारू? मला माहितेय.

ऑब्री: तुला माहितेय?

मेव्हिस: अख्ख्या गावाला माहितेय. तू सोडून.

लीलंड: मेव्हिस, गप्प बसशील का जरा!

मेव्हिस: पोहायला शिकतोय तुझा भाऊ. शहरातल्या पोहण्याच्या तलावावर. तिथल्या पाण्यातल्या औषधाचा वास तो. गुडघ्यांसाठी मी गुरुवारी पाण्यातल्या व्यायामाला जाते ना, तिथं बघितलं. पोस्टातल्या डोनाची नात शिकवते त्याला. हा आपला काठाला चिकटलेला, खडकावरच्या कालवासारखा.

लीलंड: ते हिवाळ्यात. आता सुटलाय काठ. ती पोरगी मला म्हणायची, लीलंड, पाण्याशी भांडू नका. म्हटलं, बाई, आमचा धंदाच तो.

ऑब्री: थट्टा करताय माझी.

लीलंड: नाही रे.

ऑब्री: आपल्या घरात कुणी पोहत नाही. आजा नाही, बाप नाही. पडला तर पडला, लवकर सुटतो. पोहणारा उगाच तडफडत राहतो. बाप काय सांगायचा, विसरलास?

लीलंड: बाप तर हेही सांगायचा, की बोटीवर डुकराचं नाव काढलं की अपशकुन...

ऑब्री: काढू नकोस!

मेव्हिस: अरे, शेडमध्ये आहोत आपण.

ऑब्री: तरी नको. आणि लीलंड, उद्यापासून तू बोटीवर येऊ नकोस. तुझ्या जागी मी हार्लनला विचारतो.

लीलंड: काय?

ऑब्री: ऐकलंस ते.

लीलंड: मिसरूड फुटल्यापासून तुझ्या शेजारी उभा राहून पिंजरे ओढतोय मी. आणि पोहायला शिकलो म्हणून उतरवतोस?

ऑब्री: हो.

मेव्हिस: बापाच्या आड लपू नकोस, ऑब्री. खरं काय ते सांग त्याला.

ऑब्री: खरं? बरं, खरं ऐक. आपला जेरल्ड बोटीवरून पडला तेव्हा तू त्याच्यामागं उडी टाकायला निघाला होतास. मी मानगूट धरली म्हणून आज इथं मासे भरतोयस. पोहता येत नव्हतं तेव्हा ही तऱ्हा. आता उद्या मी पडलो तर तुला धरणार कोण? दोघंही जाऊ. मला एक भाऊ गेला तेवढा पुरे.

लीलंड: हे तू कधी बोलला नाहीस.

ऑब्री: बोलायचं काय त्यात.

लीलंड: रागावू नकोस, पण तुला वाचवायला नाही शिकलो मी. तुझा विचारसुद्धा मनात आला नव्हता.

मेव्हिस: ऐका! केवढी ही माया!

लीलंड: मला बघायचं होतं, ऑब्री. जन्मभर दोर ओढला आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला काय चालतं ते माहीत नाही. एखाद्या घराच्या छपरावरच आयुष्य काढावं आणि खिडकीतून एकदाही आत डोकावू नये, तसं झालं होतं. लाज वाटायला लागली मला.

ऑब्री: काय चालायचंय तिथं? शेवंड येते, पिंजऱ्यात शिरते, अडकते.

लीलंड: नाही अडकत.

ऑब्री: म्हणजे?

लीलंड: माझ्या घराखालच्या खाडीत आपला पिंजरा आहे बघ, उथळ पाण्यात. पोहायचा चष्मा लावून त्याच्यावर तरंगत होतो मी. एक शेवंड आली. आत शिरली. हेरिंग खाल्लं. आणि निघून गेली.

ऑब्री: कुठून?

लीलंड: आली त्याच दारानं.

ऑब्री: शक्य नाही.

लीलंड: मग दुसरी आली. तीही जेवली, तीही गेली. तिसरीला दारातच एकीनं हुसकावलं. अरे, आपण शेवंड पकडत नाही, आपण खाणावळ चालवतो! पंगत बसलेली असताना दोर ओढला जातो, तेव्हा जी सापडते तेवढी आपली.

ऑब्री: पिंजऱ्याचं ते जाळीचं दार मी स्वतः विणतो.

मेव्हिस: छान विणतोस हो. जायला-यायला सोयीचं.

ऑब्री: पिल्लू असेल एखादं.

लीलंड: माझ्या कोपरापर्यंत होती एकेक.

ऑब्री: आणि बाहेर येताना? शेपूट आधी, की डोकं?

लीलंड: डोकं. आरामात, चालत. आता घरी गेलो की पुस्तकं घेऊन बसतो. शाळेत असताना पुस्तक दिसलं की पळायचो मी. या वयात सकाळी उठावंसं वाटतं रे, आज काय कळेल म्हणून. फार बरं वाटतं.

ऑब्री: चालत, म्हणतोस.

लीलंड: चालत.

ऑब्री: लीलंड... तळाला उजेड असतो का?

लीलंड: खाडीत असतो. हिरवट. वाळूवर हलत राहतो.

ऑब्री: जेरल्ड पडला तिथं खोल आहे.

लीलंड: हो. तिथलं मला माहीत नाही, खोटं नाही सांगणार. पण मला वाटायचं, खाली सगळं मेलेलं असेल. तसं नाहीये. शेवाळ डोलतं. खेकडे भांडतात. छोटे मासे तर माझ्या बोटांशी येऊन बघून गेले, हा कोण आला नवा म्हणून.

मेव्हिस: ऑब्री? हात का थांबले तुझे?

ऑब्री: इतकी वर्षं मी जेरल्डला मनात अंधारात ठेवला होता गं.

मेव्हिस: आण ती पिशवी इकडे. मी भरते.

लीलंड: तू पडलास तर मी उडी टाकणार नाही, असं वचन मी देऊ शकत नाही, ऑब्री. हार्लनला विचारायचं असेल तर विचार.

ऑब्री: हार्लन घोरतो बोटीवर. उद्या ओहोटी दहाच्या सुमाराला आहे. फेरी लवकर आटपून तुझ्या खाडीवर जाऊ. पण मी पाण्यात कमरेपर्यंतच येणार, आधीच सांगून ठेवतो.