ट्राममधला गोलकीपरचा वाद

मँचेस्टरला आलो त्या वर्षी मला आइस हॉकीचा नाद लागला, कारण रविवारी घरी एकट्याला बसवत नसे. प्लेऑफची सिरीज अगदी अटीतटीची चालली होती. त्या दुपारी आम्ही हरलो आणि सिरीज बरोबरीत आली. परतताना ट्राममध्ये शेजारी आमच्याच टीमचा स्कार्फ घातलेले एक वयस्कर इंग्रज गृहस्थ बसले. मी सहज म्हणालो, "गोलकीपरने घालवली आज."

"गोलकीपरने? आणि डिफेन्स काय करत होता?"

झालं, आमची जुंपली. शेवटच्या मॅचला गोलकीपर बदलायचा की नाही, यावर दोघंही हटेनात. बोलता बोलता ट्राम थांबली आणि सगळे उतरले. शेवटचं स्टेशन आलं होतं.

त्यांनी विचारलं, "तुझा स्टॉप गेला का?"

"मागेच गेला. तुमचा?"

"माझाही. जाताना दिसला मला."

"मग उतरला का नाहीत?"

"माझ्याशी भांडायला घरी बायको असायची," ते म्हणाले. "आता कोणी नाही."

मी मान हलवली. माझा स्टॉप मलाही दिसला होता, हे मात्र त्यांना सांगितलं नाही.